सोनाराने पाहिलेली दुखणी

बेनवेनुतो चेलिनी हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावरून गेलेले नसते. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १५०० साली जन्मलेला हा सोनार आणि शिल्पकार. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी त्याने घडवलेले सोन्याचे मीठदान आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. मेड्यूसाचे मुंडके हातात धरलेला त्याचा ब्राँझचा पर्सियस १५५४ पासून फ्लॉरेन्सच्या चौकात उभा आहे. पण जगात त्याचे नाव टिकले ते या दोन वस्तूंइतकेच त्याच्या आत्मचरित्रामुळे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने ते सुरू केले.

माणूस म्हणून चेलिनी आदर्श वगैरे मुळीच नव्हता. भांडखोर, बढाईखोर, सूड घेणारा. त्याच्या हातून खून झाले आहेत आणि ते त्याने लपवलेलेही नाहीत. असे पुस्तक शाळेच्या वाचनालयात ठेवावे की नाही, यावर आमच्या शिक्षक मंडळींत नक्की दोन तट पडतील. तरी आम्ही ते इंग्रजी भाषांतरातून दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचले ते केवळ त्यातल्या आजारांसाठी. प्लेग, ताप, आतशक, डोळ्यात गेलेला पोलादाचा कण, तुरुंगात सुटलेले दात, जेवणातून झालेला विषप्रयोग. एका माणसाच्या अंगावरून इतकी दुखणी गेली आणि ती त्याने बसून सांगितली. हे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षे हस्तलिखितातच पडून होते. १७२८ साली ज्याने ते पहिल्यांदा छापून आणले तो अंतोनिओ कोक्की हा पेशाने डॉक्टर होता. ज्याच्या इंग्रजी भाषांतराने आम्हाला हे पुस्तक भेटले तो जॉन अ‍ॅडिंग्टन सायमंड्स स्वतः क्षयाचा रोगी होता आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरात हवापालटासाठी राहत होता. हा योगायोग असेलही, पण आम्हाला तो लक्षात ठेवण्यासारखा वाटतो.

चेलिनी ना हकीम, ना वैद्य. त्याला दिसायचे मात्र फार बारीक. सोनाराची नजर ती. गुंजेचा फरक ओळखणारा माणूस अंगावरच्या फोडाचा रंगही ओळखणारच. १५२३-२४ च्या सुमारास रोममध्ये प्लेग होता. एका सकाळी तो जेवायला बसला तर डोके ठणकू लागले, डाव्या हातावर गाठी आल्या, आणि तळहात जिथे मनगटाला मिळतो त्या जागी एक मोठा फोड. जागा सांगताना तो कुठेही मोघम बोलत नाही. घरातली माणसे पळाली. एक शिकाऊ पोरगा तेवढा राहिला. त्या पोराचा बाप एका कार्डिनलच्या पदरी डॉक्टर होता आणि नेमका रस्त्यावरून चालला होता. पोराने हाक मारली, मालकांना जरा बरे नाही, वर या. डॉक्टर वर आला, त्याने नाडी धरली आणि त्याचा चेहराच उतरला. आता कार्डिनलसमोर कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणून तो मुलावर संतापला. मुलाने उत्तर दिले की माझा उस्ताद रोममधल्या सगळ्या कार्डिनलांपेक्षा मोलाचा आहे. मग तो डॉक्टर पेशंटकडे वळला. आता आलोच आहे तर उपचार करतो, म्हणाला. फोड नवे आहेत, त्यांना अजून वास सुटलेला नाही, उपाय वेळेवर होतो आहे, तेव्हा आशा आहे. चेलिनी वाचला. प्लेगच्या हकिकती आम्ही बऱ्याच वाचल्या आहेत, पण डॉक्टरची भीती आणि डॉक्टरचे कर्तव्य एकाच जिन्यावर अशी समोरासमोर उभी राहिलेली दुसरीकडे पाहिली नाहीत.

दुसरा प्रसंग आम्हाला त्याहून आवडतो. राफाएल्लो देल मोरो नावाच्या त्याच्या सोनार मित्राची मुलगी होती. तिच्या हाताच्या बोटांचे हाड सडत चालले होते. आधी कुणा अडाणी माणसाकडून इलाज झाला होता, आणि त्याने उजवा हात पूर्ण जाणार असे सांगून ठेवले होते. चेलिनीने पेरुजाचा जाकोमो नावाचा चांगला शल्यविशारद आणला. फार तर दोन बोटांचा उपयोग जाईल, बाकी हाताला काही होणार नाही, असा दिलासा त्याने दिला. पुढे हाड खरवडायची वेळ आली. शल्यविशारद जाडजूड लोखंडी हत्याराने खरवडू लागला आणि मुलगी वेदनेने तळमळू लागली. चेलिनीने हात जोडून त्याला थांबवले आणि धावत आपल्या कारखान्यात गेला. तिथे त्याने पोलादाचे एक पातळ, वाकडे, वस्तऱ्यासारखे धारदार हत्यार तयार केले आणि ते घेऊन परत आला. त्या हत्याराने काम इतके हलके झाले की मुलीला फारसे दुखले नाही आणि थोड्याच वेळात सगळे संपले. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. हत्याराची धार आणि हाताचा वेग, एवढीच काय ती दया. सोनाराने वैद्यकात ढवळाढवळ केली नाही. स्वतःला जे येत होते तेवढेच त्याने आणून दिले.

आता आतशक. मराठीत गरमी म्हणा, उपदंश म्हणा. विषय अवघड आहे, पण तो गाळून हे पुस्तक वाचता येत नाही. १४९५ मध्ये नेपल्सच्या लढाईच्या वेळी हा रोग युरोपात उसळला आणि प्रत्येकाने तो शेजाऱ्याच्या नावावर टाकला. इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच नेपल्सचा रोग म्हणत, तुर्कांनी त्याला फ्रेंगी म्हणजे फिरंग्यांचा रोग म्हटले. आपल्याकडे पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले, आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यक ग्रंथात फिरंग रोग या नावाने तो दाखल झाला. म्हणजे रोममध्ये चेलिनीच्या अंगावर जे उमटले त्याला आपल्या वैद्यांनी नाव दिले ते त्याच्याच मुलखाचे.

रोममध्ये त्या दिवसांत कार्पीचा जाकोपो बेरेंगारिओ आला होता. बोलोन्या विद्यापीठात शल्यक्रिया शिकवणारा हा खरोखरीचा विद्वान. आतड्याला चिकटलेल्या अपेंडिक्सचे वर्णन करणाऱ्या पहिल्या लोकांत त्याचे नाव घेतले जाते. चेलिनीने त्याच्यासाठी चांदीची भांडी घडवली आणि त्याच्या विद्वत्तेला मनापासून दाद दिली. पण पुढचे जे लिहिले आहे ते वाचण्यासारखे आहे. हा डॉक्टर धुरी देऊन आतशक बरा करी, पैसे आगाऊ घेई, आणि तेही दहांत नव्हे तर शेकड्यांत. पोपने नोकरीत राहा म्हटले तर नको म्हणाला. आणि वेळेवर रोम सोडून गेला, कारण काही महिन्यांतच त्याचे सगळे रोगी आधीपेक्षा शंभरपटीने वाईट अवस्थेत पोहोचले. तो तिथे असता तर जिवानिशी गेला असता, असे चेलिनी म्हणतो. त्या काळी या धुरीत आणि मलमांत पारा असे. पाऱ्याने वरचे फोड सुकत आणि माणूस आतून खंगत जाई. या मलमाचे युरोपातले एक जुने नाव सारासेन मलम असे होते, म्हणजे अरबांचे मलम. खरजेवर लावायचे औषध म्हणून ते अरबी वैद्यकातून तिकडे गेले होते.

इथे थोडे विषयांतर करतो. आपल्या जलशांतून युरोपला वैद्यक कुणी शिकवले, असे विचारायचे आणि इब्ने सीनाचे नाव घेऊन टाळ्या घ्यायच्या, अशी एक रीत पडून गेली आहे. नाव खोटे नाही. अल-कानून बाराव्या शतकातच लॅटिनमध्ये गेला होता आणि चेलिनीच्या काळी इटलीच्या विद्यापीठांत तो शिकवला जात होता. दमास्कसमध्ये वर्षानुवर्षे राहून अरबी शिकलेल्या आंद्रेआ आल्पागोने सुधारलेली त्याची लॅटिन आवृत्ती व्हेनिसला १५२७ मध्ये निघाली. चेलिनीचा आश्रयदाता ड्यूक कोसिमो मेदिची. त्याचाच मुलगा फेर्दिनांदो याने रोममध्ये अरबी छापखाना काढला आणि तिथे १५९३ मध्ये अल-कानून मूळ अरबीत छापला गेला. हे सगळे अभिमानाने सांगावे. पण सारासेन मलमही त्याच वारशातले आहे, हेही त्याच दमात सांगायला हवे. अल-राझी आम्हाला इथे जवळचा वाटतो. रोग्याला आज काय झाले, उद्या काय झाले, आपल्याला आधी काय वाटले आणि नंतर काय निघाले, हे तो टिपून ठेवी. तापाच्या एका रोग्याचा रोग हिवतापातला की मूत्रपिंडातला, याबद्दल आपण कसे चकलो होतो, हेही त्याने लिहून ठेवले. वारसा सांगायचाच असेल तर ही वही सांगावी.

चेलिनीला स्वतःला आतशक झाला तेव्हाची हकिकत अशाच वहीतली वाटते, फक्त ती रोग्याच्या बाजूने लिहिलेली. चार महिने काही नाही. मग एकदम सगळ्या अंगावर गुलाबी रंगाचे, लहान नाण्याएवढे डाग. त्याने डॉक्टरांना सांगितले की हा तोच रोग आहे, आणि मला असे का वाटते तेही सांगितले. डॉक्टरांनी ऐकले नाही. नेहमीसारखे दिसत नाही, म्हणून हा तो रोग नव्हे. पण या रोगाच्या दुसऱ्या टप्प्यात अंगभर गुलाबी पुरळ येतो, हे आज वैद्यकाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडते. रोगी बरोबर होता.

पण पुढे काय झाले पाहा. डॉक्टरांच्या औषधाने गुण येईना, तेव्हा त्याने त्यांच्या सल्ल्याविरुद्ध ग्वायकम नावाच्या लाकडाचा काढा घेतला. हे लाकूड वेस्ट इंडीजच्या बेटांवरून जहाजांनी येई, आणि त्याचा व्यापार करणारे त्यावर गबर झाले होते. कडक पथ्य पाळून पन्नास दिवसांत आपण ठणठणीत झालो, असे तो छाती ठोकून सांगतो. हिवाळ्यात पाण्यात उभे राहून शिकार केली, दुखणे उलटले, पुन्हा काढा घेतला, पुन्हा बरा. आज आपल्याला माहीत आहे की त्या लाकडात या रोगाचे औषध नव्हते. हा रोग आपोआप दबतो, पुरळ निघून जातो, आणि तो वर्षानुवर्षे शरीरात गप्प बसून राहतो. खरे औषध पेनिसिलीन, आणि या रोगावर ते पहिल्यांदा वापरले गेले १९४३ मध्ये. म्हणजे काय दिसले हे चेलिनीने अचूक सांगितले, कशामुळे गेले हे चुकीचे सांगितले. डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकल्या.

याच ठिकाणी आम्हाला आमच्या अम्मींची आठवण होते. आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या सारख्या थकत, तहान लागे, वजन उतरत चालले होते. तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे नेले. अम्मी सांगू लागल्या की न्हाणीघरात लघवीच्या जागी मुंग्या येतात, पूर्वी कधी येत नव्हत्या, आणि हे कुणाची तरी नजर लागल्याचे आहे. 'नजर' हा शब्द ऐकताच डॉक्टर हसले, म्हातारीची बडबड म्हणून मान हलवली आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. चार महिने त्या गोळ्या चालल्या. मग दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना पहिल्यापासून बोलू दिले. मुंग्यांपाशी अम्मी पोहोचताच बाईंनी लिहिणे थांबवले आणि रक्ततपासणीची चिठ्ठी फाडली. साखर तीनशेच्या वर निघाली. मधुमेहाच्या लघवीला मुंग्या लागतात हे तर आपल्या जुन्या वैद्यांनी लिहून ठेवलेले आहे. नजर नव्हती, पण मुंग्या होत्या. पहिल्या डॉक्टरांनी नजरेबरोबर मुंग्याही झटकून टाकल्या.

शाळेत आमच्याकडे सुटीचे अर्ज येतात. आयांनी लिहिलेले किंवा मोठ्या बहिणीकडून लिहवून घेतलेले. 'तबियत नासाज़' एवढेच लिहायचे असे आम्हीच मुलांना व्याकरणाच्या तासाला शिकवतो. पण काही आया ते पाळत नाहीत. रात्री पोराचे पाय गार पडले होते आणि कपाळ तापले होते, सकाळी डोळ्यांच्या कडा पिवळ्या दिसल्या, डाळीचे पाणी ठरले पण दूध ठरले नाही. शेवटी एक ओळ बाहेरच्या हवेबद्दल किंवा परवा उतरवून टाकलेल्या लिंबाबद्दल. चेलिनी वाचल्यापासून हे अर्ज आम्ही फाइलला लावण्याआधी पुरते वाचतो. पिवळ्या कडांचा अर्ज वाचल्यावर त्या घरी निरोप धाडला होता. कावीळ निघाली.

असो. पुन्हा रोमला जाऊ. १५३५ च्या मोठ्या तापात त्याच्या डॉक्टरने पाणी पूर्ण बंद केले होते. तापात पाणी देऊ नये हा समज आपल्याकडेही आजी-नानींच्या काळापर्यंत चालत आलेला. चेलिनी तहानेने वेडापिसा झाला. उशाशी बसणारा पोरगा झोपला असता त्याने मोलकरणीकडून थंड पाण्याचे भांडे मागवले, घटाघट प्यायला आणि पांघरूण घेऊन पडला. दरदरून घाम फुटला आणि ताप उतरू लागला. त्याच्या डॉक्टरची तारीफ अशी की तो रागावला नाही. शरीराला काय हवे ते शरीराला कळते, आम्हा डॉक्टरांना काही कळत नाही, अशा अर्थाचे तो बोलला. पुढे बरे होत असताना चेलिनीला उलटीतून एक किडा पडला. पाव हात लांब, अंगावर मोठमोठे केस, आणि हिरवे, काळे, तांबडे ठिपके. तो त्याने डॉक्टरला दाखवायला जपून ठेवला. तापात जंत तोंडावाटे पडतो, हे खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांनी पाहिलेले आहे. केस आणि रंग मात्र आमच्या मते चेलिनीच्या कारखान्यातले. सोनार आहे, नक्षीकाम केल्यावाचून वस्तू हातावेगळी करणार नाही.

डोळ्यात पोलादाचा कण गेला त्या वेळीही असेच. राफाएल्लो दे पिल्ली या शल्यविशारदाने त्याला उताणे झोपवले, जिवंत कबुतरांच्या पंखांखालची शीर कापली आणि गरम रक्त डोळ्यात पडू दिले. लगेच आराम वाटला, दोन दिवसांत कण बाहेर आला. चेलिनीने सोन्याच्या नाण्याचा डोळा घडवून तो डोळ्यांची राखण करणाऱ्या संत लुसीच्या चरणी वाहिला. आपल्या दर्ग्यांत चांदीचे डोळे वाहणाऱ्यांना यात काही परके वाटणार नाही.

१५३८ मध्ये पोपने त्याला रत्ने चोरल्याच्या आरोपावरून सांत आंजेलोच्या किल्ल्यात कोंडले. तिथला किल्लेदार स्वतःच आजारी होता, आणि आजार मोठा विलक्षण. दरवर्षी एकदा त्याचे डोके फिरे आणि दरवर्षी नवीन भ्रम. एका वर्षी आपण तेलाचा बुधला आहोत असे त्याला वाटले, एकदा बेडूक, म्हणून उड्या मारू लागला, एकदा आपण मेलो आहोत, आता पुरा. चेलिनी तिथे असताना वटवाघळाची पाळी होती. फिरायला गेला की बारीक चीं चीं करी आणि हात असे हलवी जणू आता उडणार. रात्र रात्र झोप नाही. मन रमावे म्हणून तो कैद्याला गप्पा मारायला बोलावी आणि विचारी, तुला उडता येईल का? दरवर्षी ठरावीक वेळी येणारे दुखणे, रूप बदलणारा भ्रम, झोपेचा अभाव, बोलण्याची अनावर हौस. मानसोपचाराचे शास्त्र जन्मायला तीनशे वर्षे होती आणि एक कैदी आपल्या जेलरची केस लिहीत होता. त्यात कुठे छद्मीपणा नाही, हे आम्हाला विशेष वाटते.

पुढे अंधाऱ्या, ओल्या कोठडीत त्याचे दात मरू लागले. मेलेले दात मुळापासून वर येत आणि म्यानातून सुरी काढावी तसे न दुखता हातात निघत. नखे इतकी वाढली की स्वतःला हात लावायची सोय राहिली नाही. ताज्या फळभाजीवाचून महिने काढलेल्या माणसाचे दात सैल होतात हे आज शाळकरी मुलालाही जीवनसत्त्वांच्या धड्यात शिकवतात.

याच कोठडीत हिऱ्याचा प्रसंग घडला. जेवताना दाताखाली काही कचकचले. ताटलीत पाहिले तर चमकणारे कण. आपल्याला हिऱ्याची पूड घातली, आपण मेलो, असे त्याने धरून चालले. हिऱ्याने माणूस मरतो ही समजूत इटलीत जितकी पक्की तितकीच आपल्याकडे. मराठी गोष्टीतली राणी हिरकणी गिळून जीव देते, आणि उर्दूत हीरे की कनी चाटून मरणाऱ्या नायिका किती तरी. चेलिनीकडे याचे शास्त्रही तयार होते. बाकीचे दगड कुटले की गोलसर होतात, हिरा कुटला तरी त्याचे कोपरे धारदार राहतात आणि ते आतड्यात रुतून भोके पाडतात. त्याने दुआ मागितली, मरणाची तयारी केली. मग त्याच्यातला सोनार जागा झाला. एक कण दगडावर ठेवून सुरीच्या टोकाने दाबला. कण फुटून भुगा झाला. हिरा असता तर फुटला नसता. नंतर कळले ते असे. कुटायला दिलेला हिरा त्या गरीब कारागिराने स्वतःकडे ठेवला आणि त्याच्या जागी हलक्या किमतीचा खडा कुटून दिला होता. हिऱ्याची परीक्षा अगदी बरोबर. हिऱ्याच्या विषाची कल्पना पूर्ण चुकीची. चेलिनी शेवटपर्यंत असेच मानत राहिला की त्या कारागिराच्या लोभामुळे आपण वाचलो.

चेलिनी आपले आयुष्य सांगत होता त्याच वर्षांत, १५६३ मध्ये, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज डॉक्टरचा ग्रंथ छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता, इब्ने सीना त्याने वाचलेला होता, आणि अरब हकिमांचे म्हणणे तो आदराने पण तपासून घेई. हिऱ्यावरच्या प्रकरणात त्याने साफ सांगितले की हिरा विष नाही. का? तर खाणीतले गुलाम चोरीसाठी हिरे गिळतात, ते शरीरातून बाहेर पडतात आणि गुलामांना काही होत नाही. बस्स, एवढाच पुरावा. फिरंग रोगावरच्या चोपचिनीचेही त्याने स्वतंत्र प्रकरण केले आहे. अशा माणसाची हाडे मेल्यानंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने कबरीतून काढून जाळली, कारण तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता असा ठपका त्याच्यावर ठेवला गेला. हिऱ्याबद्दलचे त्याचे म्हणणे आपल्या नाटक-सिनेमांपर्यंत मात्र कधी पोहोचले नाही.

कोठडीतून सुटल्यावर चेलिनीला आपल्या सावलीच्या डोक्याभोवती तेज दिसू लागले. सूर्योदयानंतर दोन तास, गवत दवाने ओले असताना जास्त. अल्लाने आपल्याला निवडल्याची ही खूण, असे त्याने मानले. नूरच तो. खरे तर दवाच्या थेंबावर पडलेला प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो, म्हणून सूर्य पाठीशी असेल तर कुणालाही आपल्या डोक्याच्या सावलीभोवती उजळ वर्तुळ दिसते, आणि प्रत्येकाला फक्त स्वतःच्याच. आम्ही सातवीच्या मुलांना डिसेंबरात सकाळच्या शाळेला मैदानावर उभे केले होते. चाळीस मुलांना चाळीस तेजोवलये दिसली. शेजाऱ्याचे कुणालाच दिसेना, त्यावरून भांडणे झाली. तरी चेलिनीने वेळ, दव आणि दिशा इतकी नेमकी टिपली की पुढे या प्रकाशाला त्याचेच नाव मिळाले.

म्हातारपणी त्याने एक शेतजमीन घेतली. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी त्याला जेवायला घालून रसकापूर, म्हणजे पाऱ्याचे जहाल मीठ, चारले. घरी जाताना पोटात आग पडली, मग रक्त पडू लागले. त्याच राफाएल्लो दे पिल्लीने आणि दुसऱ्या एका डॉक्टरने विष ओळखले. तो बराच काळ अंथरुणावर होता. मात्रा थोडी कमी पडली म्हणून वाचला. विसाव्या शतकातल्या काही डॉक्टरांनी असा तर्क केला आहे की या पाऱ्याने त्याचा जुना आतशक दबला असावा आणि मारणाऱ्यांनीच त्याचे आयुष्य वाढवले असावे. तर्क गमतीचा आहे. आम्हाला तो फार सोयीचाही वाटतो. त्या रोगाचे बरेच रोगी पाऱ्यावाचूनही म्हातारे होत. चेलिनी स्वतः कारणे जुळवण्यात जितका पटाईत, तितकेच त्याचे वाचकही.

पुस्तक १५६२ च्या आसपास अर्धवट थांबते. १३ फेब्रुवारी १५७१ ला तो छातीच्या दुखण्याने वारला. त्या शेवटच्या आजाराचे त्याच्या नजरेतून काही नाही.

पण एक रोगी या पुस्तकात असा आहे ज्याच्याबद्दल चेलिनीने एकच शब्द खर्चला. सुरुवातीची पाने त्याने स्वतः लिहिली, मग वेळ जातो आणि वाजवीपेक्षा अधिक मिजास होते असे वाटून थांबला. तेवढ्यात मिकेले दी गोरो नावाच्या माणसाचा तेरा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे आला. तो थोडा आजारी असे, एवढेच तो सांगतो. चेलिनी काम करता करता बोलत गेला आणि मुलगा लिहीत गेला. प्लेगचा फोड, पडलेले दात, केसाळ किडा, हे सगळे पहिल्यांदा ऐकले ते त्या मुलाने. ते हस्तलिखित फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे आणि त्याचा मोठा भाग त्याच मुलाच्या अक्षरात आहे. आम्ही रोज याच वयाच्या मुलांना इमला घालतो. बारीक अंगाचा, सारखा खोकणारा एक मुलगा प्रत्येक वर्गात असतो, आणि बहुधा अक्षर त्याचेच चांगले असते. त्या इटालियन मुलाला काय झाले होते, ताप होता की खोकला, तो बरा झाला की नाही, याबद्दल चारशेहून अधिक पानी मजकुरात एक ओळ नाही.